हात सोडायच्या आधी

मोठ्या इस्पितळाच्या तळघरातल्या लाँड्रीत सत्तावीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळे खांदामावशी म्हणत. हे नाव लाँड्रीतल्या कुणी ठेवलेलं नव्हतं. ते वरच्या मजल्यावरून, डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांकडून खाली आलं होतं. बाईंना त्याचा राग नव्हता. उलट कुणी नुसतंच मावशी म्हटलं तर काहीतरी राहून गेल्यासारखं त्यांना वाटे. इस्पितळात मावशी पुष्कळ होत्या, खांद्याची एकच.

खांदा गेला त्याला बारा वर्षं झाली. ड्रममध्ये चादरी धुऊन झाल्या की एकमेकींत गुरफटतात आणि त्यांचा दोरखंडासारखा पीळ होतो. तो ओढताना एक पाय ड्रमच्या कठड्याला टेकवायचा आणि अंगाचा भार मागे टाकायचा, ही तिथली रीत. त्या दिवशी पीळ अडला, मावशींनी हिसका दिला आणि उजव्या खांद्यात जुनं कापड फाटावं तसा आवाज आला. कापड फाटल्याचा आवाज त्या ओळखून होत्या, म्हणून त्यांनी आधी चादर तपासली. चादर धड होती.

पहिल्या डॉक्टरांनी लचक म्हणून मलम दिलं. तीन महिने मलमावर गेले. मग हाडांच्या विभागाचे मोठे सर एकदा रांगेतून जाता जाता थांबले आणि म्हणाले, "बाई, हात बाजूने वर करा बघू." हात अर्ध्यावरही गेला नाही, आणि तेवढं जातानाच मावशींच्या तोंडून "आई गं" निघालं. सरांनी तोच हात आपल्या हातात घेतला आणि सहज वर नेला. तो थेट कानाला लागला. सरांचा चेहरा खुलला. खांदा आखडलेला असता तर दुसऱ्यानं उचलूनही हात वर गेला नसता. इथे सांधा मोकळा होता आणि हात उचलणारी दोरीच तुटली होती. त्यांनी सोनोग्राफी करवली. निदान तंतोतंत बरोबर निघालं.

"शिवता येईल," सर म्हणाले. "पण दोन महिन्यांवर परीक्षा आलीये. इतकी स्वच्छ केस मिळत नाही हो. परीक्षा होऊन जाऊ दे, मग बघू."

मावशी हो म्हणाल्या. एवढा मोठा माणूस आपल्या खांद्याला स्वच्छ म्हणतो, याचंच त्यांना अप्रूप वाटलं. परीक्षा झाली. सर वर्षभर परदेशी शिकवायला गेले. परत आले तोवर आतलं तुटलेलं टोक आखडून दूर सरकलं होतं. सर हळहळले. "आता शिवण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "टाका धरणारच नाही." आणि दाराशी पोचल्यावर वळून त्यांनी विचारलं, "पुढच्या महिन्यात येताय ना पण?"

त्या गेल्या, आणि मग दर वर्षी जात राहिल्या.

आता परीक्षेची ती खोली कशी असे ते सांगायला हवं, कारण मावशींच्या आयुष्यात इतका मान त्यांना दुसऱ्या कुठल्या खोलीत मिळाला नाही. पडद्यांनी पाडलेले सहा कप्पे, प्रत्येकात एक रुग्ण, एक स्टूल, भिंतीवर घड्याळ. मावशींचा कप्पा तिसरा. चहा कपबशीतून येई. एकेक मुलगा आत येई, घाम पुसे आणि म्हणे, "मावशी, दुखलं तर सांगा हं." लाँड्रीत त्यांना असं कुणी विचारल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

तपासण्या त्यांना पाठ झाल्या. हात बाजूने वर न्यायचा आणि कळ कुठल्या टप्प्यात येते ते पाहायचं. दोन्ही हात समोर जरासे फाकवून, अंगठे खाली करून, डबा उपडा करावा तसे धरायचे आणि वरून डॉक्टरनं दाबायचं. हात कमरेमागे नेऊन पाठीपासून सुटा करायचा. कोपर अंगाला चिकटवून पंजा बाहेर ढकलायचा. आणि सगळ्यात महत्त्वाची ती: डॉक्टर हात खांद्याइतका उचलून धरतो, "आता सावकाश खाली आणा" म्हणतो आणि आपला आधार काढतो. दोरी तुटलेली असेल तर हात सावकाश येत नाही. धपकन पडतो.

पहिल्याच वर्षी एका मुलाने ही तपासणी करताना घाबरून आपला तळवा काढलाच नाही. हात त्याच्या तळव्यावर आरामात टेकलेला, आणि तो परीक्षकांना सांगतोय, "पडत नाही, सर." नापास झाला. मावशी बाहेर आल्या तेव्हा तो जिन्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्यांना ते फार लागलं. पुढच्या वर्षापासून त्यांनी आपली एक पद्धत बसवली. मूल बिचकतंय असं दिसलं की त्याने हात सोडायच्या आधीच त्या तो त्याच्या तळव्यावरून घसरू देत. अंगठे खाली करायला कुणी विसरलं तर यांचे अंगठे आपोआप खाली वळत. एखादीनं भलतीच तपासणी सुरू केली तर हळूच कुजबुजत, "हे माझं नाही गं बाळा, हे खांदा निखळतो त्यांचं." परीक्षकांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. अकरा वर्षांत मावशींच्या कप्प्यात दुसरं कुणी नापास झालं नाही, एवढं मात्र खरं. घरी त्या नवऱ्याला म्हणत, "माझ्या हातून शंभर डॉक्टर झाले."

नवरा छापखान्यात खिळे जुळवणारा, कंपोझिटर. छापखाना बंद पडला तेव्हापासून घरीच. तो म्हणे, "हातून नाही, हात पडल्यामुळे झाले."

इतकी वर्षं खाली लाँड्रीत जुन्या मुकादमीण बाईंनी मावशींना घडीच्या टेबलावर ठेवलं होतं. ते काम बसून आणि कमरेच्या उंचीवर. ती मुकादमीण निवृत्त झाली. नवी आली ती कामाला खमकी आणि तोंडानं त्याहून. माणसं कमी, ड्रम तीन. तिनं मावशींना ड्रमवर लावलं.

"खांदा चालत नाही माझा," मावशी म्हणाल्या.

"ऐकलंय मी. डॉक्टरांनी उचलला की कानाला लागतो, आणि चादर उचलायची म्हटलं की लुळा पडतो. शहाणा आहे हो तुमचा खांदा. माणसं ओळखतो."

रोलरजवळच्या दोघी फिस्सकन हसल्या.

"माझी काही दुष्मनी नाही मावशी," मुकादमीण पुढे म्हणाली. "मेडिकल बोर्डाची चिठ्ठी आणा हलक्या कामाची, मी स्वतः खुर्ची देते. तोंडी सांगण्यावर मी तीन ड्रम दोघींत कसे चालवू?"

निवृत्तीला तीन वर्षं होती. घडीच्या टेबलावर ती सहज निघाली असती. ड्रमवर डाव्या एकट्या हाताने तीन महिने निघणंही कठीण होतं, कारण आता डावा खांदाही कुरकुरायला लागला होता. मावशींनी बोर्डाकडे अर्ज केला. मनात धाकधूक अशी नव्हतीच. बोर्ड म्हणजे डॉक्टर, आणि डॉक्टरांपुढे खांदा दाखवणं हे तर त्यांचं घरचं कार्य.

लेकीने फोनवर बजावलं, "आई, तिथे जरा कळवळून दाखव. तू आपली हसत बसशील."

"उगाच कशाला कळवळू? आहे ते दिसेल की."

बोर्डाच्या खोलीत तिघे होते. मधले अध्यक्ष पोटाचे डॉक्टर. त्यांच्या डावीकडच्या बाई डोळ्यांच्या. उजवीकडे हाडांचे एक तरुण डॉक्टर, दुसऱ्या इस्पितळातून बोर्डापुरते आलेले. हुशार होते. खोटी दुखणी पकडण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही, अशी त्यांची ख्याती होती. त्या दिवशीचे सोळा अर्ज होते आणि मावशींचा चौदावा.

सवयीनं मावशींनी आत येताच गणवेशाच्या डगल्याची बटणं काढायला घेतली. अध्यक्षांनी नजर वळवली. "राहू द्या, राहू द्या बाई. कपडे काढायची गरज नाही." माणूस सभ्य होता. मावशींनी बटणं परत लावली.

तरुण डॉक्टर समोर आले. म्हणाले, "दोन्ही हात समोर धरा." मावशींनी धरले, जरासे फाकवून, अंगठे खाली. डॉक्टर थबकले. अंगठ्यांचं ते अजून बोललेच नव्हते.

"कुणी सांगितलं असे धरायला?"

"असेच धरतात ना, साहेब?"

त्यांनी काही लिहिलं. मग मावशींचा हात बाजूला नेऊन असा काही मागे वळवला की त्यांच्या तोंडून नेहमीचं वाक्य निसटलं: "हे माझं नाही, साहेब. हे खांदा निखळतो त्यांचं."

डोळ्यांच्या बाईंना हसू आलं, ते त्यांनी रुमालात दडवलं. तरुण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हात खांद्याच्या उंचीवर उचलून धरला. "मी सोडतोय. सावकाश खाली आणायचा."

मावशींच्या दृष्टीनं हाही एक परीक्षेतलाच मुलगा होता. तळवा अजून खाली होता आणि हात त्यावरून घसरून धपकन मांडीवर आला.

"पुन्हा."

पुन्हा तसंच झालं. आता तर मावशींना डॉक्टरांची काळजी वाटू लागली होती, नीट दिसलं की नाही यांना म्हणून.

"बाई," डॉक्टर आवाज न चढवता म्हणाले, "मी हात सोडलेलाच नव्हता. दोन्ही वेळा. खरंच दुबळा हात आधार असेपर्यंत आधारावर राहतो. तुमचा आधीच पडला."

मावशी काय सांगणार? परीक्षा, मुलं, जिन्यात उभा तो पोरगा, सगळं एकदम ओठांवर आलं आणि त्यातून बाहेर पडलं ते एवढंच: "साहेब, मला सगळं येतं हो. अकरा वर्षं करतेय मी हे."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे काय करताय?"

त्यांनी सांगितलं, पण पंधरावा अर्जदार दारात येऊन उभा राहिला होता. जुनी सोनोग्राफी मोठ्या सरांकडेच राहिलेली, आणि मोठ्या फोटोचं, एमआरआयचं विचारलं तर त्या यंत्रापुढची रांग नऊ महिन्यांची. साध्या फोटोत हाडं दिसतात, दोरी दिसत नाही. आठवड्यानं निकाल खाली आला: 'तपासणीतील प्रतिसाद शिकवल्यासारखे. दुर्बलता सिद्ध होत नाही. नेहमीच्या कामास योग्य.' मुकादमिणीनं तो वाचला, घडी घालून परत दिला आणि ड्रम सुरू केला.

अपिलाला तीस दिवस होते. मावशी मोठ्या सरांकडे गेल्या. सरांनी निकाल वाचून "मूर्ख आहेत" असं म्हटलं आणि चहा मागवला. मावशींनी जुनी सोनोग्राफी मागितली.

"ती परीक्षेच्या पाकिटात सीलबंद आहे," सर म्हणाले. "आता फोडली तर मुलांपर्यंत जायला वेळ लागत नाही. परीक्षा होऊन जाऊ दे, लगेच देतो."

"परीक्षा दोन महिन्यांनी आहे, सर. अपील तीस दिवसांत करायचंय."

"मग मी पत्र देतो ना. माझं पत्र म्हणजे काय साधी गोष्ट आहे?"

पत्र त्यांनी मनापासून लिहिलं. 'सदर बाई अकरा वर्षे आमच्या परीक्षांना रुग्ण म्हणून सहकार्य करीत आहेत. खांद्याच्या सर्व तपासण्यांची त्यांना उत्तम माहिती असून त्या अत्यंत विश्वासू आहेत.' कंपोझिटरनं ते पत्र दोनदा वाचलं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं उलटी वाचून काढलेला माणूस तो. म्हणाला, "हे देऊ नकोस."

"का? किती चांगलं लिहिलंय सरांनी."

"चांगलं आहे. म्हणूनच म्हणतो."

त्यांनी दिलं. उत्तर एका ओळीचं आलं: अर्जदारास तपासण्यांची पूर्ण माहिती असल्याचे विभागप्रमुखांच्या पत्रावरूनच स्पष्ट होते, अपील फेटाळण्यात येत आहे.

परीक्षेपर्यंतचे ते दोन महिने त्या ड्रमवर होत्या. डाव्या हाताने पीळ धरायचा, उजव्याचं कोपर पोटाशी आवळायचं आणि कमरेनं ओढायचं. पण अंगापेक्षा वाईट होतं ते मनात चाललेलं. ओला पीळ ओढताना त्या विचार करत, अकरा वर्षं मी हा हात पाडतेय. मुलांसाठी पाडते, हे खरं. पण तो आपण होऊन पडतो का? की आता मला पाडायचीच सवय झालीये आणि आत काही नाहीच? घरी आरशासमोर डाव्या हाताने उजवा उचलून पाहिला. पडला. पण सोडणारीही आपणच आणि पडणारीही आपणच, त्याची खात्री कोण देणार?

परीक्षेचं बोलावणं आलं तेव्हा नवरा म्हणाला, "जाऊ नकोस. काय दिलं त्यांनी तुला?"

"मला बघायचंय," एवढंच मावशी म्हणाल्या.

त्या वर्षी बाहेरगावचे एक वयस्क परीक्षक आले होते आणि परीक्षेत एक नवा नियम होता: विद्यार्थ्यानं जे सापडलं ते रुग्णाला समजेल अशा शब्दांत रुग्णालाच सांगायचं. आजवर मुलं मावशींच्या पाठीमागे उभी राहून आपल्या परिभाषेत सरांना घडाघडा काहीतरी सांगत, आणि मावशी समोरच्या घड्याळाकडे बघत बसत.

पहिली मुलगी आली. बारीक, गार हातांची. मावशींनी डगला उतरवला आणि मनाशी पक्कं केलं, आज कुणाला मदत नाही. अंगठे सांगितल्याशिवाय वळवले नाहीत. मुलगी गोंधळली, मग तिला आठवलं. शेवटी तिने हात उचलून धरला. "मावशी, मी सोडते. अगदी हळू खाली आणा."

मावशींनी दात आवळले. तळवा निघाला. त्यांनी जिवाच्या आकांतानं तो हात हवेत धरायचा प्रयत्न केला, मान वाकडी झाली, कान कढत झाले. हात क्षणभरही थांबला नाही. पडला, आणि पडताना अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलीनं तो झेलला आणि कोपराखाली हात धरून "सॉरी मावशी, सॉरी" म्हणत राहिली.

मावशींना रडू आलं. मुलीला वाटलं, दुखल्यामुळे.

परीक्षकांनी सावकाश विचारलं, "कशावरून म्हणतेस, बाई मुद्दाम पाडत नाहीत? बोर्डापुढे असे पुष्कळ येतात."

मोठे सर खिडकीतून बाहेर बघू लागले.

"सर, त्यांनी धरायचा किती प्रयत्न केला ते मानेवर दिसलं," मुलगी म्हणाली. "आणि हे." ती मागे गेली आणि मावशींच्या पाठीच्या फऱ्यावर तिचं गार बोट टेकलं. "मावशी, तुमच्या डाव्या बाजूला इथे मांस आहे. उजवीकडे खळगा पडलाय. हात उचलायचा स्नायू वाळून गेलाय. हात मुद्दाम पाडता येतो, पण हे कुणाला मुद्दाम करता येत नाही."

"आणि हे दिसायला काय करावं लागतं?"

"काही नाही, सर. अंगावरचा कपडा काढून मागून बघायचं. सगळ्यात आधी तेच करायचं असतं."

"पास," परीक्षक म्हणाले आणि पुढच्या कप्प्याकडे वळले.

संध्याकाळी मोठ्या सरांनी शब्द पाळला. सोनोग्राफीचं पाकीट दिलं, वर खळग्याबद्दल चार ओळी लिहून सही केली. मावशी तशाच बोर्डाच्या कार्यालयात गेल्या. कारकून कागद उलटेपालटे करून म्हणाला, "कागद पक्के आहेत, पण अपील एकदाच असतं. आता फेरतपासणी, ती बारा महिन्यांनी. पुढच्या वर्षी या, मावशी. खळगा काही पळून जात नाही."

त्याने ते चांगल्या मनानंच म्हटलं होतं.

घरी नवऱ्यानं नेहमीप्रमाणे तेलाची बाटली काढून ठेवली होती. बारा वर्षं रोज तिन्हीसांजेला तो त्यांचा खांदा चोळून देई. मावशी पाठमोऱ्या बसल्या. त्याची बोटं फिरू लागली, डावीकडे, मग उजवीकडे. अंधारात चाचपून उलटा बसलेला खिळा काढणारी बोटं होती ती.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझ्या पाठीला उजवीकडे खळगा आहे?"

बोटं थांबली. "आहे."

"कधीपासून?"

"झाली असतील आठ-नऊ वर्षं. आधी बोटाचं पेर बसायचं. आता अंगठा बसतो."

"कधी बोलला नाहीत ते."

"तुला दिसत नव्हता. उगाच सांगून तुला वाईट कशाला वाटू द्यायचं, म्हटलं."

"बोर्डापुढे जायच्या आदल्या दिवशीही तुम्ही चोळून दिलंत."

तो म्हणाला, "मला काय माहीत गं, त्याचाच पुरावा लागतो ते. मला वाटलं, इतके डॉक्टर बघतात तुला दर वर्षी."

डाव्या हाताने मावशींनी डगला वर ओढून घेतला.

"आज पुरे," त्या म्हणाल्या. "मला उद्या सकाळची पाळी आहे."